सोडायची राहिलेली ओळ

"स्कॅटर आणि डिस्पर्स. या दोन शब्दांत फरक काय, चाचा?"

प्रश्न टाकून निवृत्तीसर स्टुलावर ऐसपैस बसले. उत्तर त्यांच्या बॅगेतच होतं. तीन पानी टिपण, खाली तळटिपा. प्रश्न विचारला तो एवढ्याचसाठी, की चाचांनी "तूच सांग बाबा" म्हणावं आणि आपण टिपण बाहेर काढावं.

दस्तगीरचाचा तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, लुंगीच्या टोकाने पुसला, परत घातला.

"डबा आणलायस?"

"डबा? नाही... मी हॉटेलात जेवून आलो."

"मग घाई नाही."

सरांना हसू आलं. बेचाळीस वर्षं झाली तरी म्हातारा तसाच होता.

डब्याचं असं होतं. फलटणच्या या शुभोदय छापखान्यात निवृत्ती शेडगे विशीत कामाला लागला, तेव्हा चाचा तिथले मुख्य कंपोझिटर होते. एकेका अक्षराचे शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवायच्या, हे काम. रोज सकाळी चाचा निवृत्तीला एक इंग्रजी शब्द देत. दुपारपर्यंत तो शब्द खिळ्यांत जुळवायचा, उलट्या अक्षरांत वाचायचा आणि अर्थ तोंडी सांगायचा. अर्थ चाचांना पटला नाही तर डबा उघडायचा नाही.

चाचा स्वतः सातवी पास. कोर्टाचे फॉर्म आणि शाळांचे पेपर जुळवता जुळवता त्यांना इंग्रजी आलं, तेही आधी बोटांना आणि मग डोक्याला. अर्थ मात्र ते कधी सांगत नसत. 'ल्यूकवॉर्म' म्हणजे काय, असं निवृत्तीने एकदा विचारलं. चाचांनी त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि वीस मिनिटांनी परत दिला. तो शब्द निवृत्ती जन्मात विसरला नाही.

पुढे हाच निवृत्ती बाहेरून परीक्षा देत देत एम. ए. झाला, पुण्याला इंग्रजीचा प्राध्यापक झाला, विभागप्रमुख झाला. आता एका मोठ्या इंग्रजी-मराठी कोशाचा प्रमुख संपादक होता. त्याला अडवून प्रश्न विचारण्याची हिंमत सहसा कोणी करत नसे.

मागच्या महिन्यात एका नव्या सहसंपादक मुलीने केली. स्कॅटरपुढे सरांनी लिहिलं होतं, विखुरणे, पांगणे. डिस्पर्सपुढेही तेच, फक्त क्रम उलटा. तिने दोन्हींना लाल पेनाने गोल केला आणि समासात लिहिलं, "सर, दोन्हीकडे तेच?"

सरांना ते चांगलंच झोंबलं होतं. म्हणून तर टिपण.

"मी थोडं लिहिलंय यावर," सर शेवटी स्वतःच म्हणाले. "वाचू?"

"वाच."

सरांनी वाचलं. स्कॅटर अस्सल इंग्रजी मातीतला, डिस्पर्स लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. एकात अव्यवस्था, दुसऱ्यात अंतर. बी, गर्दी, ढग, सैन्य, सगळ्यांची उदाहरणं होती. आवाज अजून वर्गात घुमायचा तसाच घुमत होता, पण इथे तो ऐकायला होत्या फक्त रिकाम्या भिंती. चार कंपोझिटरांच्या जागा, त्यांच्यावरचे टांगते दिवे, कोपऱ्यातलं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन. सगळ्यावर धूळ. रॉकेलचा आणि शाईचा वास मात्र अजून तसाच होता, आणि त्या वासानं सर वाचता वाचता एकदा थांबले. त्यांनी पाणी मागितलं.

चाचांनी तांब्या पुढे केला.

"छान वाचतोस," ते म्हणाले.

"पण पटलं का?"

"यातलं तू काय केलंयस?"

"म्हणजे?"

"दोन शब्द आहेत ना... त्यातलं तू कुठलं केलंयस कधी?"

सरांनी टिपण परत घडी करून मांडीवर ठेवलं.

बाहेर गल्लीत भंगारवाल्याची हाक आली आणि गेली. सोमवारी त्याचाच टेम्पो छापखान्याच्या दारात लागणार होता. जागा रिकामी करून द्यायची होती. मशीन लोखंडाच्या भावात जाणार होतं आणि सगळे खिळे, मराठी, इंग्रजी, लहान, मोठे, शिसं म्हणून भट्टीत. हे सरांना पुण्यात कळलं होतं. खरं सांगायचं तर ते शब्दांसाठी आलेच नव्हते. त्यांना एक वस्तू हवी होती.

"चाचा, ते दिवाळीचं पान... आहे का अजून?"

चाचांनी मान हलवली.

"मला द्याल? माझ्या टेबलावर ठेवीन, काचेच्या पेटीत. कोशाच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो छापणार आहे मी."

ते पान म्हणजे एका दिवाळीचं, खिळ्यांत जुळवलेलं शुभेच्छापत्र. वर 'शुभ दीपावली', खाली आठ नावं. तेव्हा छापखान्यात आठजण होते आणि चाचांनी फर्मावलं होतं, की ज्याने त्याने आपलं नाव स्वतः जुळवायचं. केवढी हसाहशी झाली होती त्या दिवशी! दुसऱ्यांची नावं आयुष्यभर बिनचूक जुळवणारी माणसं स्वतःच्या नावापाशी अडखळली. भोईटे तर आपल्याच आडनावाची मात्रा विसरले, आणि परीट त्यांना दिवसभर चिडवत राहिला. पत्र छापून झालं, पण ते पान कोणी मोडलं नाही. दोऱ्याने बांधून, वर्तमानपत्रात गुंडाळून ते ठेवून दिलं.

पुण्याच्या बेचाळीस वर्षांत सरांना झोप लागत नसे तेव्हा ते ती आठ नावं क्रमाने म्हणत. त्यांच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं.

"दगडावर आहे," चाचा म्हणाले. "सोडून बघ कागद."

खिडकीखाली, पान बांधायच्या गुळगुळीत दगडावर ते पुडकं होतं. कागद हातातच फाटला. आत पितळी चौकटीच्या कोपऱ्यात, दोऱ्याने आवळलेल्या दोनच ओळी होत्या.

सरांनी त्या उलट्या अक्षरांत वाचल्या. ती विद्या गेली नव्हती.

निवृत्ती शेडगे.

दस्तगीर मोमीन.

"बाकीची सहा?"

चाचांनी कंपोझिटरांच्या जागांकडे बोट दाखवलं. लाकडी केस, त्यात अक्षरागणिक एकेक खण.

"घरी गेली."

सर बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं.

छापून झालं की पान मोडायचं आणि प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा, याला शुभोदयमध्ये 'सोडणं' म्हणत. खणाला चाचा घर म्हणत. आणि तिथला एक रिवाज होता. काम सोडून जाणाऱ्या माणसाने शेवटच्या दिवशी आपण जुळवलेलं सगळं आपल्या हाताने सोडायचं. मग सगळ्यांबरोबर चहा, मग निरोप. आपलं काही दुसऱ्याने सोडावं असं ठेवून कोणी जात नसे.

"सगळे येऊन गेले?"

"एकेक करून. परीट आला तेव्हा त्याला उभं राहवत नव्हतं. दवाखान्यातून रिक्षानं आला. या स्टुलावर बसून सोडली त्यानं ओळ. चहा अर्धाच प्याला."

"आणि भोईटे?"

"तो शेवटी. तीन वर्षं झाली."



भोईट्यांचं नाव निघालं म्हणजे तो दिवस निघणारच होता. जूनमधला. पुण्याच्या कॉलेजचं नेमणुकीचं पत्र आलं होतं आणि निवृत्ती ते हातात नाचवत छापखानाभर फिरत होता. भोईट्यांची गॅली, जुळवलेल्या ओळींचं ताट, दगडाच्या कडेला होती. शाळेच्या अहवालाची दोन पानं, तीन दिवसांचं काम, बारीक आकड्यांचे तक्ते. निवृत्ती वळला, कोपर लागलं, गॅली खाली. फरशीवर हजारो खिळे. मशीनखाली, पायांखाली, उंबऱ्याच्या फटीत...

कोणी ओरडलं नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं सरांना पुढे अनेकदा वाटलं.

एसटी चारची होती. निवृत्ती खाली वाकला, दोन मुठी खिळे उचलले, घड्याळाकडे बघितलं आणि गेला. चहा नाही, निरोप नाही. दिवाळीच्या पानातली त्याची ओळही तशीच राहिली. पुढे त्याने पत्रं पाठवली, आपली पुस्तकं पाठवली. स्वतः आला नाही. आधी लाजेने, मग सवयीने.

"किती दिवस लागले?" सरांनी विचारलं. "ते सगळं निवडायला?"

"भोईट्याला पाच."

"काही म्हणाला तो?"

चाचा आठवायला लागले. ते खरंच आठवत होते.

"संध्याकाळी म्हणाला... निवृत्तीला बस मिळाली का रे?"

सरांनी तोंड खिडकीकडे वळवलं. अडुसष्ट वर्षांचा, माजी विभागप्रमुख माणूस. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

चाचा उठले, फळीवरून डालड्याचा एक जुना डबा काढला आणि दगडावर उपडा केला. मूठभर खिळे खडखडत पडले. झिजलेले, चेंगरलेले, नाक तुटलेले. कुठलं अक्षर, काही कळू नये असे.

"हे राहिले होते," चाचा म्हणाले. "भोईट्यालाही लावता आले नाहीत. कुणाचं घर कुठलं, समजेना."

सरांनी एक खिळा उचलला. अंगठ्याने खाच चाचपली, तोंड बघितलं. तो न होता की म, की फुटका भ... बराच वेळ त्यांनी तो उजेडात फिरवला. मग ठेवून दिला.

"आता ती सोड," चाचा म्हणाले.

"कोणती?"

"तुझी ओळ."

"पण चाचा, मी ती न्यायला आलोय!"

"माहितीय."

"आठवण म्हणून एक ओळ. तेवढी तरी राहू दे की. बाकी सगळं मोडलंच आहे."

"काय मोडलंय?"

सर चिडले. रडून झाल्यावर माणूस चिडतोच. "काय मोडलंय म्हणजे? आठजण होतो आपण. कोण कुठे गेला, कोण कधी गेला, मला इथे येऊन कळतंय. आणि सोमवारी तर सगळंच भट्टीत जायचंय ना? केसमधलं काय, डब्यातलं काय, एकदा वितळलं की सगळं सारखंच. मग आज माझं नाव खणात टाकून काय उपयोग?"



"जाऊ दे ना भट्टीत," चाचा म्हणाले. "घरातून जाऊ दे."

...

मग निवृत्तीसरांनी कोट काढला, खुंटीवर टांगला, बाह्या वर केल्या. यापुढे त्यांना सर म्हणण्यात अर्थ नाही.

निवृत्तीने तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन ओळींवर शिंपडलं. खिळे ओले केले की एकमेकांना धरून राहतात, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. त्याने दोरा सोडला. आपली ओळ अलगद उचलून डाव्या तळहातावर घेतली आणि केससमोर उभा राहिला.

आणि घाबरला. समोर लहानमोठे शंभरावर खण, एकावरही अक्षराची चिठ्ठी नाही. छापखान्यात ती कधीच नसायची. बेचाळीस वर्षं पेन धरलेला हात. न कुठे होता? वेलांटी वर की खाली?

"चाचा, मला आठवत नाही."

"तुला कोण विचारतंय?"

निवृत्तीने मागे वळून पाहिलं. चाचा खिडकीबाहेर बघत होते.

त्याने डोळे मिटले. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं पुढे गेली, पहिला खिळा सुटला आणि आपोआप मनगट डावीकडे वळलं. टक. पुढचा, वरच्या रांगेत, अगदी कोपऱ्यात. टक. मग हात आपला आपणच चालायला लागला. मधे एकदा तो थबकला, पुढे गेला, मागे आला आणि बरोबर जागी पडला. टक. टक. बेचाळीस वर्षांपूर्वी संध्याकाळी आठजण ओळीने उभे राहून पानं सोडत, तेव्हा हा आवाज छपरावर पावसाची सर यावी तसा येई. भोईटे त्या तालावर गुणगुणायचे, परीट त्यांना चिडवायचा. निवृत्तीला दोघांचे आवाज स्वच्छ आठवले.

शेवटी 'गे'ची मात्रा राहिली. ती त्याने थोडी जास्त वेळ बोटांत धरली. मग सोडली.

तळहात रिकामा झाला. त्यावर शिशाचा काळा डाग होता, पूर्वी रोज असायचा तसा.

त्याने डोळे उघडून मात्रेच्या खणात पाहिलं. आपली मात्रा कोणती, ते आता ओळखू येत नव्हतं. सगळ्या सारख्याच. त्यात भोईट्यांचीही होती, आणि शेजारच्या खणात परीटाची वेलांटी. निवृत्तीने त्यांच्यावरून एकदा बोट फिरवलं. वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण नुसतं हलकं वाटत होतं.

चाचांनी तोवर स्टोव्हवर चहा ठेवला होता. दोघं दगडाला टेकून तो प्याले. निवृत्तीने शेवटचा घोटही सोडला नाही.

"तो कप मी काढून घेऊन वीस मिनिटांनी परत देणार होतो," चाचा म्हणाले, आणि दोघंही खूप हसले.

मग निवृत्तीचं लक्ष दगडावर गेलं. एका बाजूला डब्यातून उपडे केलेले खिळे, दुसऱ्या बाजूला उरलेली एकटी ओळ. दस्तगीर मोमीन. त्याने ते तुटके खिळे गोळा करून परत डब्यात भरले, एकही फरशीवर पडू न देता. डबा आपल्या बॅगेत ठेवला.

"हा मी नेतो. काचेच्या पेटीत नाही ठेवणार."

चाचांनी हरकत घेतली नाही.

ओळीभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद तर फाटून गेला होता. निवृत्तीने इकडेतिकडे बघितलं. दोन शब्दांतला एक त्याने बेचाळीस वर्षांपूर्वी केला होता, दुसरा आज. मग ते तीन पानी टिपण उलगडलं, तळटिपांसकट ओळीभोवती नीट गुंडाळलं आणि जुन्याच दोऱ्याने बांधलं. धूळ बसायला नको.

बांधताना त्याने चाचांच्या हातांकडे पाहिलं. कपसुद्धा थरथरत होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे हात.

"चाचा... ही सोडायची राहिली."

"हं."

"मी सोडू?"

"ज्याची त्यानं."

"पण कधी? सोमवारी टेम्पो येणार."

चाचांनी कप विसळून पालथा घातला. दाराबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"रविवारी ये," ते म्हणाले. "आणि येताना डबा आण."